दक्षिणेची जाळी

इंदिरानगरच्या त्या गल्लीत कुणाकडे बारसं असो नाहीतर सत्यनारायण, प्रसादाच्या शिऱ्याचा अंदाज घ्यायला मोहिनी गायधनीला बोलावणं यायचं. ती जायची, पदर खोचायची, काम उरकायची आणि द्रोणभर प्रसाद घेऊन परत यायची. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. "मोहिनीवहिनी म्हणजे देवमाणूस," असं बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. तसं कुणी म्हटलं की ती घाईनं पातेली गोळा करायला लागायची. बायकांना वाटायचं, लाजली.

ते लाजणं नव्हतं. स्वतःच्या घराच्या माथ्यावरचा एक झरोका तिनं बुजवला होता. का बुजवला, ते एक ती जाणत होती आणि एक देव.

घर साधंच होतं. नवरा धनराज अंबडच्या एका कारखान्यात फिटर. खालचा मजला स्लॅबचा झाला, वरच्या खोलीपर्यंत येता येता हात आखडला, म्हणून वर मंगळुरी कौलं घातली. कौलांखाली फळ्या टाकून पोटमाळा केला. त्यात जास्तीच्या गाद्या, फराळाचे मोठे डबे, गौरींचे मुखवटे. धनराजनं हट्टानं दोन गोष्टी करून घेतल्या. फळ्यांमध्ये बोटबोट फट ठेवली, आणि कौलांच्या दोन्ही टोकांना, भिंतीच्या त्रिकोणात, सिमेंटची एकेक जाळी बसवली. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. "खोलीतली तापलेली हवा फटीतून वर जाईल आणि जाळीतून बाहेर पडेल," तो म्हणाला. "एकच जाळी ठेवली तर हवा आत येऊन बसते, पाहुण्यासारखी. जायचं नाव घेत नाही."

त्या वरच्या खोलीत त्याची थोरली बहीण राहायची. तानुबाई. सगळे आक्का म्हणायचे. आई लहानपणीच गेली, तेव्हा आक्कांनी धनराजला कडेवर घेऊन वाढवलं होतं. पुढं त्यांना पिंपळगाव बसवंतला दिलं. मूलबाळ झालं नाही. नवरा गेल्यावर धनराज जाऊन त्यांना घेऊन आला. आक्कांचा सारा जन्म द्राक्षाच्या बागेत गंधकाची भुकटी मारण्यात आणि चुलीच्या धुरात गेलेला. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं.

"मोहिने, तुझ्या घरी मी राणीसायेब झाले बघ," त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. "माडीवर ऱ्हायाचं, जेवायला खाली उतरायचं. आन् तुझ्या हातची आमटी खाल्ली की परत वर पळायचं."

"आक्का, आमटी चांगली नाही झाली का?"

"चांगली हाय गं. मिठाला सांग फकस्त, की घरी येत जा."

मोहिनीला त्यांचा राग कधी आला नाही. खरं तर घरात कुणी मोठ्यानं हसणारं आलं, ते तिला बरं वाटत होतं. म्हणून तर पुढचं सगळं तिला जास्त जाचलं.

नव्व्याण्णव साली दोन गोष्टी एकदम झाल्या. धनराजच्या कारखान्याला टाळं लागलं आणि मयूर, एकुलता एक मुलगा, बारावीला गणितात नापास झाला. मयूर जेवेना, बोलेना, खिडकीशी बसून राहायचा. मोहिनी रोज देवापुढे दिवा लावणारी, सोमवार धरणारी बाई. पण देवाला अमुक दे, तमुक दे असं मागायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. बुवा-बाबांच्या वाटेला ती गेली नव्हती. पण पोराचं तोंड सुकलेलं पाहिलं की आईची शिकवण आईलाच विसरायला होते.

तेव्हा नाशकात वास्तूचं वेड घरोघर शिरलं होतं. कुणी दार फिरवत होतं, कुणी संडास पाडत होतं. शेजारणीच्या ओळखीनं एक वास्तुवाले आले. सफारी सूट, हातात होकायंत्र. धनराज कारखान्याच्या गेटवर धरणं धरून बसलेला, आक्का पिंपळगावला लग्नाला गेलेल्या. ते गृहस्थ वरच्या खोलीत मध्यावर उभे राहिले, शिडीवरून पोटमाळ्यात डोकावले आणि त्यांनी जीभ टाळ्याला लावून चुक् केलं.

"ही दक्षिण. यमाची दिशा. आणि घराच्या माथ्यालाच तोंड उघडं? बाई, मुलाचं नशीब इथून वाहून चाललंय."

"मग काय करायचं?" मोहिनीनं विचारलं.

त्यांनी लाल कापडात बांधलेला एक सुका नारळ आणि तांब्याची पट्टी दिली. जाळीला आतून हे टेकवायचं आणि त्यावर विटांचं काम करून बुजवून टाकायचं. "आणि कुणाला सांगायचं नाही. घरातल्या माणसालासुद्धा नाही. बोललं की गुण गेला."

दुसऱ्या दिवशी तिनं नाक्यावरून एक अनोळखी गवंडी आणला. गाठोडं आपल्या हातानं ठेवलं आणि गवंड्याला वर पाठवलं. संध्याकाळी धनराजनं विचारलं तेव्हा उत्तर तयारच होतं.

"पारव्यांनी उच्छाद मांडला होता हो. आक्कांच्या अंथरुणावर घाण पडायची."

"मग बारीक तारेची जाळी मारायची. एकदम विटा?"

"तारेतूनही काड्या येतात."

आक्कांच्या सोयीसाठी केलं म्हटल्यावर धनराज काय बोलणार! पारवे कधीमधी यायचे, नाही असं नाही. पण खोटं ते खोटंच. आणि त्यात आक्कांचं नाव घातलेलं.

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत मयूर सुटला. पुढं डिप्लोमाला प्रवेश मिळाला. कारखान्याचं टाळंही निघालं. मोहिनीनं नवश्या गणपतीला जाऊन पेढे ठेवले, पण डोळे मिटले की तिला गणपती दिसेना, विटा दिसत.

मग आला उन्हाळा. पांडवलेण्याच्या अंगानं जे वारं त्या जाळीतून शिरायचं, ते आता भिंतीला धडकून परत जात होतं. दुपारी कौलं तापायची आणि खोली भट्टी व्हायची.

"मोहिने," आक्का जिन्यात बसून पदरानं वारा घेत म्हणाल्या, "वर लय कोंडतंय गं. कढईत बसल्यागत होतंय."

"पंखा मोठा करून देते, आक्का."

"पंखा काय करतोय? तीच शिळी हवा ढवळतोय. ती जाळी मोकळी कर ना बाई. पारवे येऊ दे. मी हाकलीन. मला दुसरा काय उद्योग हाय?"

"करू आक्का. मयूरची परीक्षा होऊ दे."

मयूरची परीक्षा झाली. मग निकाल होता. मग दुसरं वर्ष. मग इंजिनियरिंगचा प्रवेश. त्या पोराच्या आयुष्यात काहीतरी नेहमीच टांगलेलं असायचं आणि त्या टांगलेल्या दोरीचं दुसरं टोक मोहिनीला त्या विटांना बांधलेलं दिसायचं. वीट काढली आणि पोर पडलं तर? एका पारड्यात आक्कांचा श्वास आणि दुसऱ्यात मयूरचं नशीब, असा तराजू ती रोज मनाशी धरायची आणि रोज आपलंच पारडं खाली दाबायची.

आक्कांना खोकला लागला. जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या. डॉक्टरांनी दमा सांगितला. जन्मभराचा धूर आणि गंधक, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "खोली हवेशीर आहे ना?"

"हो हो," धनराज म्हणाला. "वरचीच खोली आहे."

मोहिनी गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं वाचत बसली.

दोन हजार तीनच्या चैत्रात आक्का म्हणाल्या, "मी पिंपळगावला जाती. काळूच्या ओसरीवर मोकळं वाटतंय." काळू हा त्यांच्या दिराचा मुलगा. जाताना त्यांनी मोहिनीच्या तोंडावरून हात फिरवला आणि हसून म्हणाल्या, "पारव्यांना माझा रामराम सांग." मोहिनीनं त्यांना वाकून नमस्कार केला, पण "राहा" म्हणाली नाही. म्हणाली असती तर आक्का राहिल्या असत्या, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

चार वर्षं गेली. मयूर नोकरीला लागला. दोन हजार सातच्या एका रविवारी चहा पिता पिता तो पेपरची पुरवणी वाचत होता.

"आई, ऐक. रेडॉन नावाचा वायू असतो म्हणे. जमिनीतून, दगडातून येतो. ना वास, ना रंग. कोंदट घरात साठत जातो आणि फुप्फुसं खराब करतो. ज्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही त्यांचीसुद्धा. परदेशात लोक घराखालून पाइप घालून छपराच्या वर सोडून देतात."

मोहिनीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "काय म्हणालास? कोंदट घरात?"

"हो. हवा खेळती नसेल तर."

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा तो हसायला लागला. "आई, परीक्षा द्यायचीये का तुला यावर?"

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. फरशी पुसताना वाटायचं, खालून काहीतरी वर येतंय. आठ वर्षं ते कौलांखाली साठलं असेल, आणि त्यातली पहिली चार आक्का तिथंच झोपत होत्या. शेवटी मयूरच कंटाळला. त्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक अशी मोजणी करत. ते आले आणि दोन छोट्या पांढऱ्या डब्या टांगून गेले, एक खाली देवघराशी, एक वर. आत म्हणे फिल्मचा तुकडा असतो, त्यावर त्या वायूच्या खुणा उमटतात. तीन महिने हात लावायचा नाही. पूजा झाली की मोहिनीची नजर आपोआप त्या डबीकडे जायची. एकदा तर फूल वाहून झाल्यावर तिनं डबीलाही हात जोडले. धनराजनं ते पाहिलं.

"अगं, ती डबी आहे. तेहतीस कोटी कमी पडले का?"

त्याच दिवसांत दुसऱ्या दोन गोष्टी चालू होत्या. मयूरला नाशिकरोडची तृप्ती नावाची मुलगी सांगून आली होती. मुलाला मुलगी आवडली, मुलीलाही मुलगा. घरच्यांचं उत्तर दसऱ्यानंतर यायचं होतं. आणि पिंपळगावहून काळूचा फोन आला की आक्कांचा दमा वाढलाय. धनराज म्हणाला, "आता तिला इथंच आणतो. दवाखाना जवळ पडेल. तिची खोली तर आहेच."

तिची खोली. मोहिनी ताट उचलून मोरीकडे गेली.

डब्या काढून नेल्यावर पंधरा दिवसांनी प्राध्यापक स्वतः सांगायला आले. "घाबरायचं कारण नाही, वहिनी. आपल्याकडचा काळा दगड त्या मानानं गरीब. खाली अगदी थोडा आहे, वर तर त्याहून कमी. या वायूनं तुमच्या घरात कुणाला काही झालं असेल, असं मला वाटत नाही." चहाचा कप ठेवत ते म्हणाले, "ती वरची खोली मात्र फार घुसमटते हो. डबी काढेपर्यंत मला घाम फुटला. हवा बाहेर जायला वाटच दिसत नाही."

"सुटलीस ना आई?" मयूर म्हणाला. "उगाच जिवाला घोर लावून घेतला होतास."

संध्याकाळी दिवा लावून ती देवापुढे बसली. सुटका झाल्यासारखं काही वाटेना. उलट, मनाच्या तळाशी बघितलं तर तिला थोडी निराशाच झाली होती, आणि ते कळल्यावर ती स्वतःलाच भ्याली. वायू निघाला असता तर दोष जमिनीचा होता, दगडाचा होता, न दिसणाऱ्या कशाचा तरी होता. आधी पारव्यांवर ढकललं, आता वायूवर ढकलायला निघाली होती. दोघेही निर्दोष सुटले. आता घरात उरली होती ती एकटी.

"अहो," ती धनराजला म्हणाली, "आपल्या भिकन गवंड्याला बोलवा. दक्षिणेची जाळी मोकळी करायची. आक्का यायच्या आधी."

"आणि पारवे?"

"राहतील त्यांचे ते."

म्हणताना तिला मयूरची सोयरीक दिसत होती, दोरीला टांगलेली. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही.

पण गवंडी कधी सांगितल्या वेळेला आलाय? भिकन उद्या येतो, परवा येतो करत राहिला आणि नेमका आला तो आक्का आल्या त्याच सकाळी. आक्का एका हातानं कठडा धरत, दर दोन पायऱ्यांना थांबत वर गेल्या आणि आपल्या जुन्या खाटेवर टेकल्या. वाळून गेल्या होत्या. आवाज मात्र तोच.

"आरं भिकन, माझ्या डोक्यावं नको पाडू. आधीच दोन दिसांची पाव्हनी हाय मी."

"नाय पाडत आक्का," भिकन पोटमाळ्यातून ओरडला. धनराजनं शिडी धरली होती. मोहिनी दारात उभी. तिला वाटत होतं, आक्कांना खाली न्यावं. पण काय सांगून न्यावं?

हातोडीचे ठोके पडले. विटांचा भुगा फटींतून खाली आला. मग ठोके थांबले.

"धनाभाऊ, हे काय निघालं बुवा? घ्या."

आणि ते लाल गाठोडं खाली आलं. कापडाचा रंग उडाला होता. धनराजच्या हातात येताना आत नारळाची वाळकी वाटी खुळखुळली आणि हिरवी पडलेली तांब्याची पट्टी निसटून फरशीवर वाजली.

आक्कांनी हात पुढं केला. गाठोडं घेतलं, सोडलं, नारळ कानाशी नेऊन हलवून पाहिला.

"मोहिने," त्या म्हणाल्या, "पारव्यांना नारळ चढवला व्हता का गं?"

मोहिनीला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती खाली बसली, आक्कांच्या पायाशी. "मयूर नापास झाला होता, आक्का. ते म्हणाले दक्षिण बंद करा. म्हणाले कुणाला सांगू नका. मला भीती वाटत होती, उघडलं तर त्याचं काही..."

धनराजनं शिडी सोडली. "माझ्याशी खोटं बोललीस?" एवढंच म्हणाला आणि खाली निघून गेला. चढ्या आवाजात बोलला असता तर तिला सोसलं असतं.

आक्का बराच वेळ नारळ हातात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरासाठी केलंस, ते मला कळतंय. मी बी त्याची आत्या हाय. तुला वाटलं, म्हातारी आडवी येईल?" त्यांना धाप लागली. ती ओसरल्यावर म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस ना एका शब्दानं, तर मी खाली सैपाकघरात पथारी टाकली असती. राह्यली असती तुझी दक्षिण बंद. माझं काय अडत व्हतं? खोली नको व्हती मला, मोहिने."

एवढी साधी गोष्ट. आठ वर्षांत ती मोहिनीच्या डोक्यात एकदाही आली नव्हती. आली नव्हती, कारण विचारायचं तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणजे आक्कांचा श्वास तिनं मयूरच्या नशिबासाठी कोंडला, हेही पूर्ण खरं नव्हतं. आपलं खोटं झाकण्यासाठी कोंडला होता. देवापुढे इतकी वर्षं बसून जे दिसलं नाही, ते त्या खुळखुळणाऱ्या नारळानं दाखवलं.

वर भिकननं शेवटची वीट काढली. पोटमाळ्यात साठलेली धूळ हलली, फटींतून थोडी खाली आली, आणि मागोमाग वारा आला. खाटेशेजारच्या खिडकीचा पडदा हलला. आक्कांनी तोंड वर केलं, डोळे मिटले आणि तशाच बसून राहिल्या. मोहिनीनं पाय धरले होते, ते त्यांनी सोडवून घेतले नाहीत आणि पाठीवर हातही ठेवला नाही.

धनराज आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलला. भाजी काय आणू, किल्ली कुठं आहे. मयूरला कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे," आणि मोहिनीला आणखी एक ओझं वाढल्यासारखं झालं.

दसऱ्यानंतर नाशिकरोडहून निरोप आला. पत्रिका जमत नाही, क्षमा असावी.

मयूर खोलीत जाऊन बसला. खिडकीशी, तसाच, बारावीला बसायचा तसा. मोहिनी जिना चढून वर गेली. शिडी अजून पोटमाळ्याच्या तोंडाशीच होती, त्यातून दक्षिणेच्या जाळीचा उजेड दिसत होता. नक्षीतून ऊन आलं होतं, फळ्यांवर त्याची फुलं पडली होती. ती बघत राहिली.

"आला का नकार?" खाटेवरून आक्कांनी विचारलं.

"हो."

"मंग? विटा अंगणातच हायेत. भिकनला हाक मारायची का?"

टोमणा होता की परीक्षा, मोहिनीला कळलं नाही. खरं सांगायचं तर एक क्षण तिचा हात पदराशी गेला, खोचायला, जसा काम काढताना जायचा. मग तिनं पदर सोडला.

"नाही आक्का," ती म्हणाली. "आता नाही."

ती अंगणात उतरली. भिकननं रचून ठेवलेल्या विटा एकेक उचलून तिनं तुळशीच्या आळ्याभोवती मातीत उभ्या रोवल्या. घट्ट, हातोडीनं ठोकून, पुन्हा उपटायला जड जाव्यात अशा. धनराज कामावरून आला तेव्हा ती मातीनं माखलेल्या हातानं शेवटची वीट ठोकत होती. त्यानं सायकल लावली, थोडा वेळ पाहिलं आणि नळावरून बादली भरून आणून तिच्याशेजारी ठेवली.

आक्कांचा दमा काही गेला नाही. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं जुनी झालीत, कारणं अनेक. मोहिनी ते ऐकून घ्यायची. त्या अनेकांत आपण कितवे, हे तिनं डॉक्टरांना कधी विचारलं नाही. आक्कांनीही माफ केलं असं कधी म्हटलं नाही. म्हणायचं असतं तर तेवढं बोलायला त्या विसरल्या नसत्या. पण वरच्याच खोलीत राहिल्या, आणि संध्याकाळी मोहिनी दिवा लावून वर गेली की सरकून खाटेवर जागा करून द्यायच्या.

थंडीच्या सुरुवातीला जाळीत पारव्यांची एक जोडी आली. दिवसभर घुमायची, काड्या आणायची, निम्म्या खाली पाडायची. एक दिवस आक्कांच्या चादरीवर शिटली.

"मोहिने!" आक्कांनी वरून हाक मारली. "ये, चादर बदल. तुझे साक्षीदार आलेत."

मोहिनी धुतलेली चादर घेऊन जिना चढू लागली.